वाचक विचारतात : प्लेऑफमध्ये हात का आखडतो?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिका, एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात आणि जूनमध्ये संपतात. तिकडची संध्याकाळ ती आपली पहाट. त्यामुळे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो तेव्हा गोव्यातले बरेच बास्केटबॉलवेडे फोनवर तिसरा क्वार्टर पाहत असतात. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच विषयावर आहेत आणि त्यांचा सूर वैतागाचा आहे. हंगामभर नेमून दिलेले काम चोख करणारा खेळाडू प्लेऑफमध्ये येतो आणि दिसेनासा होतो, ही सगळ्यांची तक्रार. असा खेळाडू म्हणजे रोल प्लेअर. तो संघाचा तारा नसतो. कोपऱ्यातून थ्री (लांबच्या रेघेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारणे, समोरच्या ताऱ्याला अडवणे, रिबाउंड (शॉट चुकून परत आलेला चेंडू) काढणे अशा एक-दोन कामांसाठी त्याला ठेवलेले असते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. दोन पत्रे आपल्याकडच्या शालेय स्पर्धांबद्दल आहेत, पण दुखणे तेच असल्याने तीही इथेच घेतली.

प्रश्न (म्हापसा) : आमच्या संघाचा शूटर हंगामभर ४० टक्क्यांनी थ्री मारत होता. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत पाच सामन्यांत २० पैकी फक्त ५! मालिका हातची गेली. तरी कोच त्याला शेवटपर्यंत खेळवत राहिला. सगळ्या जगाला दिसत होतं ते कोचला दिसत नव्हतं का?

उत्तर : आधी हिशेब मांडू. ४० टक्के मारणाऱ्याचे २० शॉटमध्ये सरासरी ८ पडायला हवेत. पण त्याचा हात, पाय, डोके सगळे ठीक असतानाही २० पैकी ५ किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता साडेबारा टक्के असते, म्हणजे आठात एक. पहिल्या फेरीत १६ संघ असतात. प्रत्येक संघात असे दोन शूटर धरले तर ३२ झाले. त्यांतल्या चौघांची मालिका कुणाचीही चूक नसताना अशीच जाणार. ८२ सामन्यांच्या हंगामात अशी पाच सामन्यांची पडझड मध्येच कुठेतरी येऊन जाते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. एप्रिलमध्ये आली की तेवढीच लक्षात राहते.

मात्र हा हिशेब एका अटीवर खरा आहे : शॉट हंगामात मिळत होते तसेच प्लेऑफमध्ये मिळायला हवेत. ते तुम्ही स्वतः तपासू शकता. सामन्याचे रेकॉर्डिंग लावा आणि त्याच्या प्रत्येक थ्रीसमोर तीन गोष्टी लिहा. शॉट कुठून घेतला? एनबीएत कोपऱ्यातली रेघ ६.७ मीटरवर आहे आणि समोरची ७.२४ मीटरवर. अर्ध्या मीटरहून जास्त फरक आहे, आणि कोपऱ्यात पाय रोवून उभे राहणाऱ्याला समोरून मारायला लावले की टक्केवारी उतरणारच. दुसरे, चेंडू हातात आला तेव्हा बचाव करणारा किती लांब होता? एका हाताच्या अंतरावर असेल तर तो मोकळा शॉट नव्हे, मग पडद्यावर कितीही मोकळा दिसो. तिसरे, २४ सेकंदांच्या घड्याळात किती उरले होते? संघाच्या ताऱ्याने १८ सेकंद चेंडू थोपटत ठेवला, वाट बंद झाली आणि शेवटी तीन सेकंद उरलेले असताना तो याच्याकडे ढकलला, तर चुकलेला शॉट कागदावर याच्या नावावर लागतो. चूक मात्र आधीच्या १८ सेकंदांत झालेली असते.

चुकलेला चेंडू कुठे लागला तेही पाहा. रिंगच्या पुढच्या कडेला आपटून वारंवार खाली येत असेल तर पाय थकले आहेत असे बहुधा समजावे, कारण लांबच्या शॉटची ताकद पायांतून येते. हाच खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूमागे ३५ मिनिटे धावत असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचा शॉट तोकडा पडणारच. डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर बाहेर जाते आहे किंवा पाय जमिनीवर नीट बसण्याआधीच हात सुटतो आहे, म्हणजे घाई.

आता कोचचे. शॉट मोकळे असतील, नेहमीच्या जागेवरून असतील आणि चेंडू रिंगमध्ये फिरून बाहेर येत असेल, तर त्याला मैदानावर ठेवणारा कोच बरोबर आहे. मोकळा असूनही तो शॉट घ्यायला कचरत असेल, चेंडू आला की लगेच परत देऊन मोकळा होत असेल, तर मात्र त्याला बसवायला हवे, आणि तेही दुसऱ्याच सामन्यात. चुकलेल्या शॉटपेक्षा न घेतलेला शॉट महाग पडतो. बचाव करणाऱ्याच्या लक्षात आले की हा मारणार नाही, तर तो याला सोडून ताऱ्याच्या वाटेत जाऊन उभा राहतो आणि चार विरुद्ध पाच असा खेळ सुरू होतो. तुमच्या पत्रात त्याने शॉट नाकारल्याची तक्रार नाही, २० पैकी १५ चुकवल्याची आहे. त्यावरून तरी दोष कोचकडे जात नाही.

प्रश्न (फोंडा) : हंगामात ज्याच्यावर प्रतिस्पर्धी लक्ष ठेवतात त्यालाच प्लेऑफमध्ये बिनधास्त मोकळं सोडतात. हा काय प्रकार? आणि त्यावर उपाय नसतो का?

उत्तर : हंगामात संघ जवळपास दिवसाआड खेळतो, अधेमधे विमानप्रवास, आणि दर वेळी समोर नवा संघ. एका खेळाडूची उणीव हेरून तिच्यावर अख्खी योजना बेतायला सवड नसते. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत गाठ असते. दोन सामन्यांमध्ये निदान एक दिवस चित्रफिती पाहायला मिळतो. शिवाय दोन्हीकडचे नऊ-दहा जणांचे ताफे सात-आठवर येतात. त्यामुळे मैदानावर कच्चा दुवा राहिला तर पूर्ण रात्र त्याच्यावरच घाव पडतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २०१५ चे. मेम्फिसचा टोनी ॲलन त्या काळातला अव्वल बचावपटू. गोल्डन स्टेटविरुद्ध मेम्फिस २-१ ने पुढे होते. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटचा कोच स्टीव्ह कर याने आपला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट ॲलनवर लावला. लावला म्हणजे नावापुरता. बोगट रिंगखालीच थांबला आणि ॲलनला थ्रीच्या रेघेवर एकटे सोडून दिले. ॲलनचा लांबचा शॉट भरवशाचा नव्हता. त्याने मारले तरी गोल्डन स्टेटला चालणार होते आणि नाही मारले तरी. रिंगखाली बोगट उभा असल्याने मेम्फिसच्या उंच खेळाडूंची वाट बुजली. ॲलनला मैदानावर ठेवणेच अवघड झाले, त्यातच त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. गोल्डन स्टेटने पुढचे तिन्ही सामने जिंकून मालिका ४-२ ने घेतली.

यामागचे गणित साधे आहे. एनबीएतला बरा संघ दर पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंत, साधारण १.१ गुण काढतो. कोपऱ्यातून ३८ टक्के थ्री मारणाऱ्याचा एक शॉट १.१४ गुणांचा, म्हणून त्याला मोकळे सोडता येत नाही. ३० टक्केवाल्याचा शॉट ०.९ गुणांचा. त्याने जितके मारावेत तितका प्रतिस्पर्ध्याचा फायदा. ३८ आणि ३० हा फरक प्रेक्षकांना किरकोळ वाटतो. दहा शॉटमध्ये एखादी बास्केट कमी, एवढाच तो आहे. पण मोकळे सोडायचे की नाही हा निर्णय नेमका त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो.

फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलबद्दल रेघेवरून मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या शॉटचे, याहून वाईट. २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या आंद्रे रॉबर्सनला ह्यूस्टनने पहिल्या फेरीत मुद्दाम फाउल करून रेघेवर पाठवले. २१ फ्री थ्रोंपैकी ३ पडले. दोन फ्री थ्रोंमागे सरासरी ०.२९ गुण झाले, त्यामुळे त्याला फाउल करणे हाच ह्यूस्टनचा सर्वांत चांगला बचाव ठरला. आणि हाच रॉबर्सन त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला होता. त्याला काढावे तर ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला अडवणार कोण, आणि ठेवावे तर गुण कुठून आणणार? पाच सामन्यांत मालिका संपली. अशा मुद्दाम फाउलवर २०१६-१७ पासून थोडा आवर आहे. क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत चेंडूपासून दूर असलेल्याला फाउल केला तर एक फ्री थ्रो मिळतो आणि चेंडूही परत मिळतो. बाकीची १० मिनिटे मोकळीच आहेत.

उपाय आहेत. मोकळ्या सोडलेल्या खेळाडूला कोपऱ्यात पुतळ्यासारखे उभे करणे हा सर्वांत वाईट पर्याय, आणि बरेच कोच पहिले दोन सामने तेच करतात. त्यापेक्षा त्याला स्क्रीन लावायला, म्हणजे ताऱ्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभे राहायला, पाठवावे. त्याचा बचाव करणारा लांब रिंगखाली उभा असतो, त्यामुळे स्क्रीनवरून सुटलेल्या ताऱ्यासमोर कुणीच नसते आणि त्याला मोकळा शॉट मिळतो. दुसरे, त्याला रिंगच्या बाजूला, बेसलाइनजवळ (रिंगमागच्या रेघेजवळ) उभे करावे, म्हणजे चेंडू मिळाला की एका पावलात लेअप, रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट. तिसरे, बचाव करणारा ताऱ्याकडे वळून पाठ करतो त्याच क्षणी याने रिंगकडे धाव घ्यावी. ही धाव वेळेवर हवी. अर्धा सेकंद उशीर झाला तर तोच गर्दीत आणखी एक माणूस आणून सोडतो.

आणि चौथा उपाय, मारत राहणे. २०२२ मध्ये मिलवॉकीने बोस्टनच्या ग्रँट विल्यम्सला सातव्या सामन्यात मोकळे सोडले. त्याने १८ थ्री घेतले, ७ पाडले, २७ गुण केले आणि बोस्टन १०९-८१ ने जिंकले. ११ शॉट चुकले होते. पहिल्या चारपाच चुकांनंतर तो बुजला असता तर तो सामना वेगळा झाला असता. प्लेऑफसाठी हा गुण टक्केवारीइतकाच मोलाचा आहे असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न (साखळी) : एवढाच वाईट खेळत असेल तर मालिका चालू असताना दुसरा खेळाडू का आणत नाहीत?

उत्तर : नियमात बसत नाही. खेळाडूंची अदलाबदल फेब्रुवारीतल्या ठरावीक तारखेला थांबते. दुसऱ्या संघाने १ मार्चनंतर सोडलेला खेळाडू घेतला तरी प्लेऑफमध्ये त्याला उतरवता येत नाही. टू-वे करारावरचे, म्हणजे मुख्य आणि दुय्यम लीगच्या संघांत विभागून खेळणारे, तरुण खेळाडूही करार नियमित झाल्याशिवाय प्लेऑफ खेळू शकत नाहीत. म्हणजे पंधरा जणांत जो आहे तोच. बेंचवरच्या बाराव्याला उतरवा म्हणणे सोपे असते, पण महिनाभर मिनिटभरही न खेळलेला माणूस पहिल्याच रात्री बचावातल्या अदलाबदली चुकवतो आणि तिथे जाणारे गुण थ्रीच्या टक्केवारीत दिसत नाहीत.

प्रश्न (मडगाव) : काही खेळाडू मोठ्या सामन्यात कच खाणारेच असतात, हे मान्य करायला काय हरकत आहे? डॅनी ग्रीनचंच पाहा.

उत्तर : पाहूच. २०१३ च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोच्या डॅनी ग्रीनने मायामीविरुद्ध पहिल्या पाच सामन्यांत २५ थ्री पाडले आणि रे ॲलनचा अंतिम मालिकेतला २२ थ्रींचा विक्रम मोडला. रे ॲलन त्या वेळी समोर मायामीकडूनच खेळत होता. शेवटच्या दोन सामन्यांत ग्रीनचे थ्री पडले फक्त २. सातव्या सामन्यात त्याने एकूण १२ शॉट घेतले आणि १ पाडला. सॅन अँटोनियो ४-३ ने हरले.

पाचव्या सामन्यापर्यंतचा हिंमतवान सहाव्यात भित्रा झाला, असे म्हणायचे का? मायामीने काय केले ते पाहा. त्यांनी ग्रीनला सोडून मदतीला जाणे बंद केले. चेंडू त्याच्याकडे निघाला की बचाव करणारा अंगावर येई आणि रेघेवरून पुढे ढकलून त्याला चेंडू थोपटायला लावी. चेंडू पकडून लगेच मारणे ही ग्रीनची ताकद. दोन ड्रिबल घेऊन चालत्या पायावर मारणे ही नव्हे. जे काम त्याचे नव्हतेच ते त्याला करायला लावले. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, याच मायामीला ४-१ ने हरवणाऱ्या संघात ग्रीन होता. २०१९ मध्ये टोरोंटोकडून पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत त्याचा हात अजिबात बसला नाही, आणि लगेच एनबीएच्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात त्याने ६ थ्री मारले. २०२० मध्ये लेकर्सकडून पाचव्या सामन्याच्या अखेरीस लेब्रॉन जेम्सने दोघांना अंगावर घेऊन त्याला मोकळा पास दिला. शॉट चुकला, सामना १११-१०८ असा गेला आणि शिव्यांचा पाऊस पडला. पुढचाच सामना जिंकून लेकर्स विजेते झाले. तीन संघांकडून तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाला कच खाणारा म्हणायचे तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

दडपण नसते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९९५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना घ्या. ओरलँडो ३ गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, निक अँडरसन फ्री थ्रोच्या रेघेवर. दोन चुकले. रिबाउंड त्यानेच काढला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन चुकले. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने थ्री मारून बरोबरी केली, ह्यूस्टनने जादा वेळेत १२०-११८ असा विजय मिळवला आणि मालिका ४-० ने जिंकली. त्या हंगामात अँडरसन सुमारे ७० टक्के फ्री थ्रो पाडत होता. १९९६-९७ च्या हंगामात तो ४० टक्क्यांवर आला. एका रात्रीचा घाव दोन वर्षे भरला नाही. चार फ्री थ्रो ओळीने चुकणे हे ७० टक्केवाल्याच्या बाबतीतही सव्वाशे वेळांत एकदा योगायोगाने घडते, पण नंतरची घसरण योगायोगाची नव्हती.

म्हणून फ्री थ्रो आणि खेळातला शॉट यांना एकच माप लावू नये. फ्री थ्रोमध्ये समोर कुणी नसते, अंतर ठरलेले, वेळ मिळतो, आणि मनात शंका शिरायलाही तेवढाच वेळ मिळतो. तिथे टक्केवारी एकदम कोसळली तर मनाचा विचार जरूर करावा. खेळातल्या शॉटबद्दल मात्र आधी बचाव पाहावा आणि मग माणूस.

प्रश्न (वास्को) : शून्य गुण काढणाऱ्याला ३० मिनिटं खेळवलं. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणतात तो उपयोगी होता. उपयोग मोजायचा कसा?

उत्तर : एक क्वार्टर चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्याकडे पाहा. तो ज्याला अडवतो आहे त्याला चेंडू किती वेळा मिळतो, आणि मिळतो तो हव्या त्या जागी मिळतो की दोन पावले बाहेर? आपला शॉट गेल्यावर तो परत धावतो का? दुसऱ्याची चूक झाकायला रिंगखाली जातो आणि तिथून परत आपल्या माणसाकडे वेळेवर पोचतो का? रिबाउंड त्याला मिळाला नसेल, पण प्रतिस्पर्ध्याच्या उंच माणसाला पाठीने बाहेर रेटून त्याने साथीदाराला तो मिळवून दिला का? ही कामे होत असतील तर शून्य गुणांतही ३० मिनिटे वसूल होतात.

तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला, हा प्लस-मायनसचा आकडा एका सामन्यावरून पाहू नका. सोबतचे चौघे कोण आणि समोर कोण यावरच तो बराच अवलंबून असतो. पूर्ण मालिकेचा आकडा थोडा बोलका, हंगामाचा त्याहून बरा.

प्रश्न (काणकोण) : संघ हरला की मी त्या खेळाडूच्या खात्यावर जाऊन चार शब्द सुनावतो. मित्र म्हणतो हे बरं नव्हे. पैसे भरून सामने बघतो, एवढाही हक्क नाही?

उत्तर : मित्राचे ऐका. वर सांगितलेल्या २०२० च्या त्या एका चुकलेल्या शॉटनंतर डॅनी ग्रीनला आणि त्याच्या होणाऱ्या पत्नीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. तुम्ही धमकी देत नसाल, पण हजारो संदेशांच्या ढिगात तुमचे चार शब्दही त्याच ढिगाचे वजन वाढवतात. खेळावर टीका करायचा हक्क पुरेपूर आहे. ती मित्रांत करा, लिहा, आमच्याकडे पाठवा. खेळाडूच्या घरात शिरून करू नका.

प्रश्न (डिचोली) : मुलगा नववीत आहे. सरावात दहातले सहा शॉट पाडतो. शाळेच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात तीन घेतले, एकही नाही. नंतर चेंडू हातात घ्यायलाच तयार नाही. बाहेरून पालक ‘मार मरे, मार!’ म्हणून ओरडतात. त्याला तयार कसं करावं?

उत्तर : ताई, आधी त्याला एवढे सांगा : समोर कुणी नसताना दहात सहा म्हणजे सामन्यात दहात चार. आणि दहात चारवाल्याचे तिन्ही शॉट चुकणे पाचांतल्या एका सामन्यात घडतेच. यात काही बिघडलेले नाही.

आता सराव. बहुतेक मुले एकाच जागी उभी राहून, कुणीतरी चेंडू परत देत असताना, ओळीने वीस-पंचवीस शॉट मारतात. तिसऱ्या-चौथ्या शॉटला हात बसतो आणि मग पडत जातात. सामन्यात तिसरा-चौथा शॉट एकाच जागेवरून ओळीने कधी मिळत नाही. रोल प्लेअरला तर दहा मिनिटांत एक मिळतो आणि तो थंड हाताने मारायचा असतो. म्हणून सराव तसाच हवा. एक शॉट घ्यायचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन यायचे, दुसऱ्या जागेवरून पुढचा शॉट. असे दहा, मध्ये दोन मिनिटे थांबून पुन्हा दहा. फक्त पहिला प्रयत्न मोजायचा. चुकला म्हणून तिथूनच पुन्हा मारायचा नाही. आकडा वहीत रोज लिहा. तो सरावातल्या दहात सहापेक्षा बराच खाली येईल, आणि खरा आकडा तोच. महिनाभरात वर सरकतो.

फ्री थ्रोही ओळीने वीस नकोत. दोन-दोनच्या जोड्यांनी, प्रत्येक जोडीआधी मैदानाच्या दोन फेऱ्या धावून, दम लागलेला असताना. दर वेळी क्रम एकच ठेवावा : पाय रेघेवर, ठरलेले दोन किंवा तीन ड्रिबल, एक पूर्ण श्वास सोडणे, डोळे रिंगच्या कडेवर, शॉट. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात आणि तिथे चेंडू मिळाल्यापासून ५ सेकंदच असतात. त्यामुळे हा क्रम चार सेकंदांत बसायला हवा. घड्याळ लावून बसवा.

तिसरा सराव निर्णयाचा. एकाने पास द्यायचा आणि दुसऱ्याने पास सुटताच हात वर करून मुलाच्या अंगावर धावत यायचे. कधी तो दोन पावलांवर थांबेल, कधी पूर्ण अंगावर येईल. थांबला तर लगेच शॉट. अंगावर आला तर एक ड्रिबल बाजूला घेऊन पुढे जाणे किंवा पास. चेंडू पकडताना गुडघे आधीच वाकलेले आणि पाय रिंगकडे वळलेले हवेत. चेंडू आल्यावर वाकायला गेला की अर्धा सेकंद तिथेच जातो. रोज असे पंधरा चेंडू पुरेत. कचरणे जाते ते याच सरावाने.

मैदानाचेही पाहा. शाळेत सिमेंटचे मैदान, रबरी चेंडू, पत्र्याचा किंवा प्लायवूडचा बोर्ड. स्पर्धा हॉलमध्ये असेल तर चेंडू मऊ आवरणाचा आणि बोर्ड पारदर्शक. त्या बोर्डामागे मोकळी जागा दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो, बोर्डावरून चेंडू उसळतोही वेगळा. स्पर्धेत वापरणार तो चेंडू निदान आठवडाभर आधी हातात यायला हवा आणि हॉलमध्ये शक्य असेल तर एक तरी सराव. आपल्या हवेत घामाचा प्रश्न मोठा आहे. ओला तळवा ओल्या जर्सीला पुसून कोरडा होत नाही. बेंचवर प्रत्येकाचा वेगळा कोरडा टॉवेल ठेवा, मनगटावर पट्टी बांधू द्या आणि चेंडू निसरडा झाला तर पंचांना पुसून मागायला मुलाला शिकवा.

कोचशी एक बोला : पुढच्या सामन्यात त्याचा पहिला शॉट जवळचा, शक्यतो लेअप मिळेल अशी चाल लावा. आणि ओरडणाऱ्या पालकांना सामन्याआधीच सांगावे लागेल. ‘मार’ असे ऐकू आले की मूल स्वतःच्या नजरेवरून निर्णय घेण्याऐवजी बाहेरच्या आवाजावरून घेते. ते बचाव करणारा अंगावर असतानाही मारते किंवा घाबरून चेंडू टाकून देते. सामना संपल्यावर ‘किती मारलेस?’ हा प्रश्न आठवडाभर तरी विचारू नका.

प्रश्न (वाळपई, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक) : आमच्या मुलींचे लांबचे शॉट शाळेत पडतात, बाहेर स्पर्धेला गेलं की सगळे तोकडे. मैदान आम्हीच आखलं आहे. रेघेत चूक असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे, सर. बऱ्याच शाळांत थ्रीची जुनी ६.२५ मीटरची रेघ अजून तशीच आहे. फिबाने ती २०१० मध्ये ६.७५ मीटरवर नेली. अर्ध्या मीटरचा फरक असला की शॉट रिंगच्या पुढच्या कडेलाच लागणार.

आखताना बोर्डाच्या खांबावरून माप घेऊ नका. रिंगच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. पूर्ण मापाच्या २८ बाय १५ मीटरच्या मैदानावर ही खूण एंडलाइनच्या (बेसलाइनच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी. न आल्यास आधी बोर्ड सरकवा. खुणेपासून ६.७५ मीटर दोरी घेऊन कंस काढा. हे माप रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे आहे, रेघेची ५ सेंटिमीटर जाडी आत धरायची. दोरी ताणली जाणारी नको, नायलॉनची टाळा. कोपऱ्यांत कंस न्यायचा नाही. तिथे साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ०.९० मीटरवर सरळ रेघ असते आणि ती एंडलाइनपासून २.९९ मीटरवर कंसाला मिळते. मैदान १५ मीटरपेक्षा अरुंद असेल तर कोपऱ्यातली रेघ रिंगच्या जवळ सरकते आणि मुलींना तिथेही खोटी सवय लागते. अशा मैदानावर कोपऱ्यातला सराव साइडलाइनच्या रेघेकडे न पाहता रिंगच्या मध्यापासून ६.६० मीटरवर खडूची खूण करून घ्या. फ्री थ्रोची रेघ बोर्डाच्या समोरच्या बाजूपासून ४.६० मीटर, तीही तपासा. रिंगची उंची ३.०५ मीटर. सिमेंटच्या मैदानावर नवा थर चढवला असेल तर ती दोन-तीन सेंटिमीटरने कमी झालेली असते. मुलींचा चेंडू ६ नंबरचा असतो. शाळेत मुलांच्या ७ नंबरच्या चेंडूने सराव होत असेल तर तोही बदला.

नव्या रेघेवर पहिले दोन आठवडे टक्केवारी पडेल. त्या काळात मुलींनी खांद्याने जोर लावायला सुरुवात केली तर त्यांना अर्धा मीटर आत घ्या आणि गुडघ्यातून जोर येऊ लागला की पुन्हा मागे न्या.